नोकिया-इन्फिनेरा ऑप्टिकल यंत्रणा: कार्ड घेण्याआधी त्याची कुळी बघा

हिट ७३०० ही डीडब्ल्यूडीएम (एकाच फायबरवर अनेक तरंगलांबींचे सिग्नल पाठवणाऱ्या) यंत्रणांची मालिका मूळची सीमेन्सची. २००७ मध्ये ती नोकिया सीमेन्स नेटवर्क्समध्ये आली. २०१३ मध्ये त्या कंपनीने आपला सगळा ऑप्टिकल व्यवसाय मार्लिन इक्विटी या गुंतवणूक कंपनीला विकला आणि त्याचं नाव कोरियंट झालं. पुढे मार्लिनने टेलॅब्सही घेतली आणि तिची ७१०० मालिका कोरियंटच्या पदरात पडली. २०१८ मध्ये इन्फिनेराने ४३ कोटी डॉलर्स मोजून कोरियंट घेतली. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी नोकियाने सुमारे २.३ अब्ज डॉलर्सच्या व्यवहारात इन्फिनेरा घेतली. म्हणजे बारा वर्षांपूर्वी विकलेलं घर नोकियाने परत घेतलं, तेही शेजारच्या दोन वाड्यांसकट. ज्यांच्या रॅकमध्ये ही चेसिस (कार्डं बसवायचा सांगाडा) आहे, त्यांचा विक्रेता न हलता चार वेळा बदलला.

या खरेदीमागचा हिशेब समजून घेतला तर पुढची निवड सोपी होते. नोकियाची स्वतःची १८३० पीएसएस मालिका अल्काटेल-ल्युसेंटकडून आलेली. तिचा जोर युरोप, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या दूरसंचार कंपन्यांवर होता. इन्फिनेराची सुमारे ६० टक्के विक्री उत्तर अमेरिकेत होती आणि ३० टक्क्यांहून अधिक विक्री मोठ्या इंटरनेट कंपन्यांना होती. नोकियाला डेटा सेंटरच्या बाजारात शिरायचं होतं आणि तिथलं दार इन्फिनेराकडे उघडं होतं. याच नोकियाने २०१६ मध्ये १७ कोटी युरोंना विदिंग्ज ही आरोग्य-उपकरणांची कंपनी घेतली होती आणि २०१८ मध्ये ती मूळ संस्थापकाला परत विकली होती. तो बाजार नोकियाच्या कामापासून फार लांबचा होता. इथे माल तोच आहे, फक्त गिऱ्हाईक नवं आहे. म्हणून ही खरेदी टिकेल असं आम्हाला वाटतं, आणि उपकरणं घेणाऱ्याच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

आता माल. इन्फिनेराची खरी कमाई म्हणजे तिचा इंडियम फॉस्फाइडचा स्वतःचा कारखाना. लेसर, मॉड्युलेटर आणि डिटेक्टर एकाच चिपवर बसवण्याचं काम ती २००४ पासून व्यापारी पातळीवर करत आली आहे. नोकियाकडे २०२० मध्ये घेतलेल्या एलेनियन या कंपनीमुळे सिलिकॉन फोटॉनिक्स (सिलिकॉन चिपवर प्रकाश हाताळण्याचं तंत्र) होतंच. नोकियाचं पीएसई-६एस आणि इन्फिनेराचं आयसीई७ ही दोन्ही इंजिनं ५ नॅनोमीटर डीएसपीवर (सिग्नलवर गणित करणाऱ्या चिपवर) चालतात आणि एका तरंगलांबीवर १.२ टेराबिटपर्यंत जातात. चिपच्या बाबतीत दोन्हीकडचा माल अव्वल आहे. पण १.२ टेराबिट हा आकडा शहरातल्या छोट्या अंतरासाठी आहे. लांब पल्ल्यावर ८०० गिगाबिट, आणि फारच लांब किंवा जुन्या फायबरवर त्याहूनही कमी धरून चालावं. शिवाय या वरच्या वेगांना दोन्ही इंजिनं आपापली खासगी चूक-दुरुस्ती पद्धत वापरतात. त्यामुळे एका टोकाला पीएसई आणि दुसऱ्या टोकाला आयसीई लावून लिंक उभी राहत नाही. दोन्हीचा मालक आता एकच असला तरीही नाही. जोडी नेहमी एकाच इंजिनाची घ्या.

खरा त्रास जुन्या लाइनवर नवं कार्ड बसवताना होतो. जुने रोडॅम (नोडवर हव्या त्या तरंगलांबी आत-बाहेर घेणारी यंत्रणा) ५० गिगाहर्ट्झच्या ठरावीक ग्रिडचे असतात आणि सी-बँड या नेहमीच्या तरंगलांबी-पट्ट्यात असे ९६ चॅनेल बसतात. १३० गिगाबॉडच्या (सेकंदाला १३० अब्ज चिन्हांच्या) आसपासच्या सिग्नलला मात्र १५० गिगाहर्ट्झची जागा लागते. शेजारचे तीन चॅनेल मोकळे करून भागेल असं वाटतं, पण ठरावीक ग्रिडच्या फिल्टरमध्ये दोन चॅनेलांच्या सीमेवर खाच पडते आणि ती सिग्नलच्या पोटातूनच जाते. एखाद-दुसऱ्या नोडमधून लिंक तग धरते, पण नोड वाढत गेले की ती कोसळते. म्हणून आधी प्रत्येक नोडमधल्या डब्ल्यूएसएस (तरंगलांबी निवडणाऱ्या) कार्डाचा भाग क्रमांक लिहून काढा आणि ते फ्लेक्स-ग्रिडचं (चॅनेलची रुंदी बदलता येणारं) आहे का, नुसत्या सॉफ्टवेअरने होईल का की कार्डच बदलावं लागेल, हे विक्रेत्याकडून नोडवार लेखी घ्या. ‘प्लॅटफॉर्म फ्लेक्स-ग्रिडला तयार आहे’ हे उत्तर स्वीकारू नका. प्लॅटफॉर्म तयार असतो आणि नेमकं तुमच्याकडचं कार्ड नसतं.

दुसरी चूक पॉवरची, आणि ती बराच काळ लपून राहते. जुनं नियंत्रण प्रत्येक चॅनेलला सारखीच पॉवर देतं. १५० गिगाहर्ट्झच्या सिग्नलला ५० वाल्याएवढीच पॉवर मिळाली, तर रुंदीच्या मानाने तो ४.८ डीबीने उपाशी राहतो. लिंक चालू होते, चाचणीतही पास होते, मग उन्हाळ्यात किंवा एखादा स्प्लाइस (फायबरचा जोड) वाढल्यावर चुका दिसू लागतात आणि दोष कार्डाला दिला जातो. लाइनचं सॉफ्टवेअर पॉवर दर चॅनेलला मोजतं की दर गिगाहर्ट्झला, हे खरेदीआधीच विचारा.

मार्जिनचा हिशेब विक्रेत्याच्या प्लॅनिंग टूलवर सोडू नका, कागदावर एकदा स्वतः करा. ०.१ नॅनोमीटर संदर्भावर ओएसएनआर (सिग्नल आणि गोंगाट यांचं गुणोत्तर) म्हणजे ५८, अधिक चॅनेलची पॉवर, वजा स्पॅनचा (लाइनवरच्या लगतच्या दोन ठाण्यांमधल्या फायबरचा) लॉस, वजा अ‍ॅम्प्लिफायरचा नॉइज फिगर (त्याने घातलेली गोंगाटाची भर), वजा स्पॅनसंख्येच्या लॉगची दहापट. पॉवर १ डीबीएम, लॉस २० डीबी, नॉइज फिगर ५ डीबी आणि १० स्पॅन असतील तर उत्तर २४ डीबी येतं. स्पॅन २० झाले की २१. दुप्पट स्पॅनला सरळ ३ डीबी जातात. ८० किलोमीटरच्या स्पॅनला फायबरचेच १६ डीबी लागतात. २० मधले उरलेले चार डीबी कनेक्टर, स्प्लाइस आणि पुढच्या दुरुस्त्यांसाठी ठेवावेत. आकडे जुन्या रजिस्टरमधून उचलू नका. ओटीडीआर चाचणी (फायबरमध्ये प्रकाश सोडून लॉस कुठे होतो ते मोजणारी) दोन्ही टोकांकडून, १५५० आणि १६२५ नॅनोमीटरवर घ्या. वाकलेलं फायबर १६२५ वर आधी चुगली करतं. लाइनवर फायबरमध्ये जोरदार लेसर सोडणारा रामन अ‍ॅम्प्लिफायर असेल तर प्रत्येक कनेक्टर सूक्ष्मदर्शकाखाली बघून मगच जोडा, कारण तेवढ्या पॉवरला धुळीचा कण कनेक्टरचं तोंड जाळून टाकतो.

मधल्या स्पॅनवर एका घराण्याचा अ‍ॅम्प्लिफायर आणि टोकांना दुसऱ्या घराण्याचा रोडॅम, हा प्रयोग करूच नये. सुपरवायझरी चॅनेलची (लाइनवर देखरेख ठेवणाऱ्या वाहिनीची) भाषा जुळत नाही, मग अ‍ॅम्प्लिफायर आंधळा होतो आणि फायबर तुटल्यावर लेसर बंद करण्याची साखळीही तुटते. एका सेक्शनमध्ये लाइन एकाच घराण्याची ठेवा आणि दुसऱ्याचा सिग्नल हवाच असेल तर तो परका तरंग म्हणून रोडॅमच्या अ‍ॅड पोर्टवरून आत घ्या.

४०० गिगाबिटचे प्लगेबल (राउटरच्या स्लॉटमध्ये खोचायचे ऑप्टिकल मॉड्यूल) घेणाऱ्यांसाठी थोडक्यात. साधं ४००झेडआर (त्यांतला मानक प्रकार) साधारण उणे १० डीबीएम पॉवर देतं. थेट लिंकवर ते चालतं, पण रोडॅमच्या अ‍ॅड पोर्टवर ते फार अशक्त पडतं. तिथे ० डीबीएमच्या आसपास देणारा प्रकार घ्या. तो जास्त तापतो, तेव्हा राउटरच्या प्रत्येक स्लॉटची वॅटमधली मर्यादा तपासा. सगळे स्लॉट सारखे थंड होत नाहीत.

या सगळ्या संचाचा सर्वांत कच्चा दुवा म्हणजे व्यवस्थापन. नोकियाचं वेव्हसूट, इन्फिनेराचं डीएनए आणि सीमेन्स-कोरियंटकडून आलेलं टीएनएमएस, अशा तीन परंपरा एका छताखाली आल्या आहेत. दोन घराण्यांमधून जाणारं सर्किट दोन पडद्यांवर अर्धं-अर्धं दिसत असेल, तर रात्रपाळीचा माणूस दोष शोधणार कुठे? म्हणून प्रात्यक्षिकात सुंदर नकाशा बघण्यात वेळ घालवू नका. एक फायबर काढायला सांगा. किती अलार्म उठतात, त्यातून मूळ कारण वर येतं का, सर्किट टोकापासून टोकापर्यंत एकाच जागी दिसतं का, हे घड्याळ लावून बघा. नेटकॉन्फ आणि यँग मॉडेलची (सॉफ्टवेअरने उपकरणं चालवायच्या मानकांची) आवृत्ती कार्डवार मागा. ‘सपोर्ट आहे’ म्हणजे नुसतं वाचता येतं की बदलही करता येतात, हे तिथेच स्पष्ट होतं.

१८३०, इन्फिनेराची जीएक्स, कोरियंटकडची जुनी मालिका, ट्रान्समोडकडून आलेली एक्सटीएम: इतकी घराणी कोणतीही कंपनी कायम पोसत नाही. करारात तीन तारखा वेगवेगळ्या लिहून घ्या: शेवटची ऑर्डर, शेवटचं सॉफ्टवेअर आणि शेवटचं सुटं कार्ड. लायसन्स चेसिसच्या सिरियल नंबरला बांधलेलं आहे का आणि चेसिस बदलल्यास ते फुकट हलवून मिळेल का, हेही त्यातच.

आमचं मत असं. दोन डेटा सेंटरमधला नवा थेट मार्ग असेल तर आयसीई७ची जोडी डोळे मिटून विचारात घ्यावी. लाइन आधीच १८३०ची आणि फ्लेक्स-ग्रिडची असेल तर पीएसई-६एस, आणि घराणं बदलू नये. रिंगमध्ये अजून हिट ७३०० किंवा ७१०० असेल तर नवं कार्ड त्यात घुसवण्यापेक्षा शेजारी नवी लाइन उभारून एकेक सर्किट हलवणं स्वस्त पडतं. हलवताना प्रत्येक सर्किटचा चूक-दुरुस्ती होण्याआधीचा चूक-दर, ओएसएनआर आणि दोन्ही टोकांची पॉवर पहिल्या दिवशीच नोंदवून ठेवा. सहा महिन्यांनी चुका दिसल्या तर फायबर खराब झालं की कार्ड, हे त्या नोंदीशिवाय ठरत नाही.