कांदा, मांडव आणि मे अखेरचे आभाळ: कोणत्या अंदाजावर काय ठरवावे?

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात ज्याचा कांदा काढून शेतात पडला आहे किंवा ज्याच्या घरचे लग्न उघड्या मैदानावर ठरले आहे, त्याच्यासमोर एकाच दिवसाचे तीन अंदाज असतात: फोनमधल्या ॲपवरचा पावसाचा टक्का, भारतीय हवामान विभागाचा जिल्हानिहाय रंगीत इशारा (पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा) आणि त्याच विभागाचा पुढील तीन तासांपुरता तातडीचा इशारा. यांपैकी सर्वांत अचूक कोणता, हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. आपल्या कामाला किती वेळ लागतो आणि ज्या संकटाची भीती आहे ते किती आधी दिसते, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात.

उष्म्याचा निर्णय त्यातल्या त्यात सोपा आहे. तापलेली कोरडी हवा शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यावर पसरते आणि सहसा एका रात्रीत हटत नाही, म्हणून जिल्हानिहाय इशाऱ्यावर तीन-चार दिवस आधीही विसंबता येते. मात्र त्याचे निकष ध्यानात ठेवावेत. मैदानी भागात पारा किमान ४० अंशांवर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक असला, तर उष्णतेची लाट धरतात. किनारपट्टीला हीच मर्यादा ३७ अंशांची आहे. विदर्भासाठी हे पुरेसे ठरते, पण कोकणात दमटपणा धरून काढलेले ‘जाणवणारे तापमान’ पाहणे अधिक शहाणपणाचे, आणि एवढ्यापुरते ॲप उपयोगी पडते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावरील सोहळ्यात उष्माघाताने दहाहून अधिक माणसे दगावली, तेव्हा परिसरातील पारा चाळिशीच्या खालीच होता.

वळवाचे गणित याच्या नेमके उलट आहे. सकाळी लख्ख ऊन, दुपारी मळभ आणि चारच्या सुमारास सोसाट्याचा वारा, असा त्याचा क्रम. ज्या ढगातून तो कोसळतो तो तास-दोन तासांत उभा राहतो आणि त्याचा घेर अनेकदा दहा-पंधरा किलोमीटरच असतो. त्यामुळे जिल्हानिहाय अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’ हा शब्द येतो आणि लोक तो वाचून निश्चिंत होतात. वास्तविक त्याचा अर्थ एवढाच, की त्या विभागातील जास्तीत जास्त पाव पर्जन्यमापन केंद्रांवर पाऊस होईल. तिथे तो किती जोरात पडेल, याच्याशी त्या शब्दाचा संबंध नाही. ॲपवरच्या ‘३० टक्के’ची गतही तीच, आणि त्यात वाऱ्याचा किंवा गारांचा उल्लेख बहुधा नसतोच. वाऱ्याचा अंदाजे वेग आणि वेळ रडारवर आधारलेल्या तीन तासांच्या इशाऱ्यात सापडते. विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आहे, पण शिवारात नेटवर्क नसेल तर त्याचा भरवसा नाही. गडगडाट कानी आला की झाडाखालून निघून पक्क्या घरात जावे.

आता कांदा आणि मांडव शेजारी ठेवू. शेतातला कांदा चाळीत भरायला किंवा ताडपत्रीखाली घ्यायला दिवस-दोन दिवस लागतात. म्हणून शेतकऱ्याने पिवळा इशारा दिसताच कामाला लागावे, कारण तीन तासांचा इशारा येईल तेव्हा मजूर मिळणार नाहीत. इशारा फुकट गेला तरी नुकसान मजुरीचेच. लग्नघराने जिल्हानिहाय इशारा नारिंगी असल्यास कार्यालयाची पर्यायी सोय आदल्या दिवशीच करावी आणि कार्याच्या दिवशी मात्र तीन तासांचा इशाराच पाहावा, कारण माणसे हलवायला अर्धा तास पुरतो. उंच कमानी आणि फलकांखाली पंगत बसवू नये, हे घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी वादळात फलक कोसळल्यानंतर वेगळे सांगायला नको.

पुराचा धोका या दिवसांत मोठ्या नद्यांपेक्षा ओढ्यांचा आणि सखल रस्त्यांचा असतो, कारण धरणांत बहुधा जागा शिल्लक असते. जिल्हानिहाय अंदाजातील ‘मुसळधार’ म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे. पण तेवढेच पाणी दोन तासांत पडले तर गल्लीत गुडघाभर साचते. म्हणून इथे तासाभरातील पावसाची नोंद आणि मुंबईत तिच्या जोडीला भरतीची वेळ पाहावी. शिवाय ‘पाऊस अजून लांब आहे’ या तारखेच्या हिशेबावर राहू नये. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला आणि त्याच्या आदल्या दिवशी बारामती-इंदापूरसारख्या कमी पावसाच्या भागात घरांत पाणी शिरले. ज्यांना महिनाभर आधी तारीख धरायची आहे, त्यांच्यासाठी हवामान विभाग दर गुरुवारी चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज काढतो. त्यातून आठवडा ओला की कोरडा एवढे कळते, मुहूर्ताचा दिवस कळत नाही.