हिडकलच्या पाण्यावर हाउसबोट घेताय? पैसे देण्याआधी हे वाचा

मी बेळगावचा, वडगावात राहतो. निवृत्तीच्या पैशांतले 5 लाख 1 हजार रुपये मी हिडकल धरणावरच्या हाउसबोटीसाठी एका माणसाला दिले. आज माझ्याकडे एक कानडी कागद आणि लाल खुंट्याचा फोटो, एवढंच आहे. तोच माणूस आता चिकोडी-संकेश्वरकडं फिरतोय असं परवा कळलं, म्हणून हे लिहितोय.

गणपती नुकतेच झाले होते. माणूस ओळखीतून आलेला, आपल्यासारखंच बोलणारा. मला आणि निपाणीच्या दाजींना त्यानं हिडकलच्या काठावर नेलं. घटप्रभा नदीचं पाणी काठोकाठ होतं. मोबाईलवर केरळातल्या आलप्पुझाच्या हाउसबोटी दाखवल्या. "मामा, शनिवार-रविवार तुम्ही राहायचं, बाकी दिवस गिऱ्हाईक. काय बी काळजी करू नका ओ." काठावर ओळीनं खुंटे ठोकलेले होते. एकावर लाल रंगात 'बी-7' लिहिलेलं. म्हणाला, हा तुमचा.

बोट बांधून ठेवायचं भाडं फुटावर होतं. आमची बोट 40 फुटी. त्यानं फुटामागं महिन्याला 200 रुपये सांगितले, दाजींनी तासभर घासाघीस करून 150 वर आणले. म्हणजे महिन्याला 6,000, वर्षाला 72,000. तीन वर्षांचं आगाऊ भाडं 2 लाख 16 हजार, लायसनचा खर्च 85 हजार, बोटीचा इसार 2 लाख. आम्ही फसलो ते या घासाघिशीत. 50 रुपये उतरवले याचंच समाधान इतकं होतं, की हे भाडं ठरवणारा तू कोण, असं दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. पाणी आणि बुडीत जमीन धरणाची, म्हणजे सरकारची. खासगी माणूस तिथं खुंटा ठोकून भाडं कसं घेईल? घर भाड्यानं घेताना आपण उतारा मागतो. इथं पाणी बघूनच भुललो.

पंधरा दिवसांनी 'लायसन' आलं. शिक्का, नंबर, सगळं कानडीत. मला बसचे बोर्ड वाचण्यापुरती कानडी येते. वरची ओळ अक्षरं जुळवत वाचली, 'अर्जी स्वीकृती'. मराठीत स्वीकृती म्हणजे मंजुरीच की. बायकोनं तो कागद देवापुढं ठेवला.

मे महिन्यात हिडकलला गेलो. पाणी ओसरलं की धरणात बुडालेलं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उघडं पडतं, त्याच्या दर्शनाला. माझा जन्म इथला, मंदिर दर उन्हाळ्यात वर येतं हे मला ठाऊक. तरी पाणी उतरल्यावर बोट कुठं बांधणार, हे भाद्रपदात माझ्या मनात आलं नाही. आलप्पुझाचं पाणी समुद्राच्या पातळीला लागून, ते फारसं वरखाली होत नाही. धरणाचं पाणी कालव्यांना सुटतं, तळ दिसायला लागतो. माझा खुंटा भेगाळलेल्या गाळाच्या वर कोरडा उभा होता आणि पाणी पार खाली गेलेलं. जवळ जाऊन बघितलं, तर लाल रंगाचे पोपडे निघालेले आणि खाली निळ्या रंगात 'बी-3'. माझ्या आधी तो खुंटा आणखी कुणाला तरी विकला होता.

घरी येऊन शेजारच्या कानडी शाळेतल्या पोरीला कागद वाचायला दिला. ती म्हणाली, "आजोबा, यात अर्ज मिळाला म्हणून लिहिलंय. परवानगीचं काही नाही." कानडीत स्वीकृती म्हणजे पोच. अर्जदार म्हणून नावही त्याचंच, माझं कुठंच नाही. पुढं धरणाच्या कार्यालयात गेलो. हाउसबोटीत राहायला इथं कुणालाच परवानगी दिलेली नाही, असं तिथं स्पष्ट सांगितलं.

बेळगावला प्यायचं पाणी हिडकलवरूनही येतं. त्यावर माणसं राहायला ठेवायची, तर संडासाचं पाणी कुठं जाणार याची अट कागदात सगळ्यात आधी हवी. आमच्या कागदात त्यावर एक ओळ नव्हती. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात बोटीची तपासणी, नोंदणी, विमा हे सगळं येतं. त्यातलं एकही कागदपत्र त्यानं दाखवलं नाही, आम्ही मागितलं नाही. "लायसन पंधरा वर्षांचं, पुढं पोराच्या नावावर होतंय," एवढं तोंडी ऐकून आम्ही खूश झालो.

कुणी असा कागद दिला, तर कानडी येणाऱ्या परक्या माणसाकडून वाचून घ्या, दलालाच्या माणसाकडून नको. कागदावरचा नंबर घेऊन स्वतः कार्यालयात जा. आणि उन्हाळ्यात जागा बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

पोलिसात तक्रार दिली आहे. भाड्याची आणि लायसनची रक्कम बँकेतून गेल्यामुळं तिची नोंद तरी आहे. इसाराचे 2 लाख मात्र रोख दिले, पावती नाही, आणि त्याची रुखरुख जात नाही. निळ्या रंगातला 'बी-3' ज्यांचा होता त्यांनी, आणि 'बी' नंबरची पावती ज्यांच्याकडं असेल त्यांनी, लाज न बाळगता आपापल्या ठाण्यात जाऊन तक्रार द्या. एकट्याच्या तक्रारीला तो "आमचा आपसातला व्यवहार आहे" म्हणतोय.