मोटरहोममधील जुना जनरेटर : दुरुस्ती, बदल की बॅटरी?

इंदूरच्या रामबागेतील आमच्या एका स्नेह्यांच्या मोटरहोममध्ये सुमारे १५ वर्षांपूर्वी बसवलेला, ३ किलोवॅटचा, हवेने थंड होणारा पेट्रोल जनरेटर आहे. महेश्वरच्या मुक्कामाहून परतल्यापासून तो सुरू होतो, दोन-तीन मिनिटे चालतो आणि आचके देत बंद पडतो. त्यांच्यापुढे तीन मार्ग आहेत : आहे तोच दुरुस्त करणे, नवा इन्व्हर्टर जनरेटर घेणे, किंवा जनरेटरच काढून लिथियम बॅटरी व इन्व्हर्टर बसवणे. निर्णय घेताना त्याच्या वयाला फार महत्त्व देऊ नये, असे माझे मत आहे. बिघाड नेमका कोठे आहे आणि इंदूरच्या मे महिन्यातही गाडीत रात्री एसी लावून झोपायचे आहे काय, हे दोन प्रश्न त्याहून महत्त्वाचे आहेत.

आपल्याकडील मोटरहोम बहुधा डिझेल गाडीवर बांधलेली असते. त्यामुळे पेट्रोल जनरेटरला वेगळी छोटी टाकी लागते आणि तिच्यातले पेट्रोल दोन सहलींच्या मधल्या काळात महिनोन्‌महिने पडून राहते. शिळ्या पेट्रोलचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या बारीक जेटमध्ये बसतो. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा शोषून घेते, आणि ओलावा फार झाला की इथेनॉलसह पाणी वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. जुन्या रबरी नळ्या अशा इंधनाने कडक होतात किंवा फुगतात. म्हणून सुरू होऊन बंद पडणाऱ्या जनरेटरमध्ये आधी ऑइलची पातळी पाहावी, कारण ऑइल कमी असल्यास अनेक जनरेटरमधील सेन्सर इंजिन थांबवतो. मग टाकी रिकामी करून ताजे पेट्रोल भरावे, नळ्या आणि फिल्टर बदलावेत व कार्ब्युरेटर उघडून साफ करून घ्यावा. ही कामे दुचाकीचा जाणता मिस्त्रीही करू शकतो. एवढ्यावर जनरेटर सुरळीत चालला, तर नव्याचा विषय तेथेच थांबवावा.

इंजिन नीट चालते, पण वीज येत नाही, ही तक्रार वेगळी आहे. तेथे कार्बन ब्रश झिजलेले असतात, एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) गेलेला असतो, किंवा फार दिवस बंद राहिल्याने फिरत्या भागातील उरलेले चुंबकत्व नाहीसे झालेले असते. अनुभवी इलेक्ट्रिशियन १२ व्होल्टच्या बॅटरीने ते क्षणभरात परत जागवतो. कॉइल जळली असेल तर रिवाइंडिंग, म्हणजे नव्या तारेची गुंडाळणी, होते, मात्र त्यानंतर भार देऊन मीटरवर व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. (परदेशातून आलेल्या जुन्या जनरेटरच्या पाटीवर ६० हर्ट्झ लिहिलेले असेल, तर आपल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या उपकरणांसाठी त्यावर खर्च करूच नये.)

दुरुस्तीचा हिशेब फिरतो तो कॉम्प्रेशनच्या, म्हणजे इंजिनच्या सिलिंडरमधील दाबाच्या, चाचणीने. कॉम्प्रेशन खाली आले असेल, सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल आणि ऑइल वारंवार भरावे लागत असेल, तर रिंग-पिस्टन किंवा व्हॉल्व्हचे काम निघते. बेअरिंग, प्लग आणि नळ्या इंदूरच्या सियागंज बाजारात मिळतील. पण त्या मॉडेलचा पिस्टन आणि गॅस्केट हाती येईपर्यंत इंजिन उघडू देऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन. सुटे भाग मिळत नसतील तर दुरुस्तीचा पर्याय संपला.

नवा इन्व्हर्टर जनरेटर भारानुसार वेग कमी-जास्त करतो. त्यामुळे दिवे-पंख्यांपुरत्या भारावर पेट्रोल कमी लागते आणि शेजारच्या तंबूतल्यांची झोपमोडही कमी होते. जुना जनरेटर मात्र भार असो वा नसो, एकाच वेगाने घुमत राहतो. तरीही हातात उचलून नेण्याचा जनरेटर जुन्याच्या बंद कप्प्यात बसवणे धोक्याचे आहे : तो तापतो, आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइड, ज्याला वासही नसतो, झोपायच्या जागेत शिरू शकतो. तो दर मुक्कामी बाहेर उतरवावा लागतो. साठी उलटलेल्या आमच्या स्नेह्यांना हे जमण्यासारखे नाही.

लिथियम बॅटरीचे गणित सोपे आहे. १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरची बॅटरी सुमारे अडीच युनिट वीज साठवते. दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, दिवे आणि लहान फ्रिज यांना रात्रभर एक ते सव्वा युनिट पुरते. एक टनाचा एसी तीच बॅटरी दोन-अडीच तासांत संपवतो. गाडी चालू असताना ३० अँपिअरच्या चार्जरने तीन तासांत, म्हणजे इंदूरहून मांडूपर्यंतच्या प्रवासात, ती साधारण निम्मी भरते. हिवाळ्यातच फिरणाऱ्यांनी म्हणून जनरेटरचा मोह सोडावा. उन्हाळ्यात एसी हवाच असलेल्यांनी जुने इंजिन निरोगी असेल तर तेच ठेवावे, महिन्यातून एकदा निम्म्या भारावर दोन तास चालवावे आणि ऑइल पुस्तिकेत दिलेल्या तासांप्रमाणे, साधारणपणे दर १०० ते १५० तासांनी, बदलावे.

बॅटरी घेणाऱ्यांनी ती जनरेटरच्या रिकाम्या कप्प्यात मात्र ठेवू नये. ही लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, आणि मे महिन्यात दुपारी तापल्या डांबरावर धावणाऱ्या गाडीच्या खालचा तो कप्पा सहज त्यापलीकडे तापतो. तिची जागा आत, पलंगाखाली करावी.