निवृत्तीची रक्कम कुठे ठेवावी: नागरी सहकारी बँक की पतसंस्था?

गावातल्या नागरी सहकारी बँकेत आणि पतसंस्थेत संचालक ओळखीचे असतात, ठेवपावत्याही सारख्याच दिसतात आणि व्याज सहसा पतसंस्थेत थोडे जास्त मिळते. म्हणून निवृत्तीची पुंजी तिकडे वळवण्याचा मोह होतो. खरा फरक मात्र बुडीत निघाल्यावर पैसे कोण देणार, यात आहे.

बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो आणि १९६६ पासून तिला बँकिंग नियमन कायदा लागू आहे. तिथल्या ठेवीला मुद्दल व व्याज मिळून प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विमा असतो. फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा ठेवीदाराला सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. त्या हालअपेष्टांनंतर २०२१ मध्ये कायदा बदलला आणि निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली. पतसंस्थेची नोंदणी १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली होते, देखरेख सहकार निबंधकांची असते आणि ठेवीला हा विमा नसतो.

बँक व्याज कमी देते त्यालाही कारण आहे. संगणकप्रणाली, सायबर सुरक्षा आणि तपासणी यांचा खर्च लहान बँकेलाही चुकत नाही. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने या बँकांचे चार स्तर केले. सर्वसाधारणपणे १०० कोटी रुपयांपर्यंत ठेवी असलेल्या बँका पहिल्या, म्हणजे लहान बँकांच्या, स्तरात येतात. नागरी सहकारी बँकांसाठी २०२४ मध्ये सुरू झालेल्या शिखर संस्थेने सामाईक तंत्रज्ञान पुरवले, तर लहान बँकांचा हा भार हलका होऊ शकेल, अशी मला मनापासून आशा आहे.

पतसंस्थेचे मोल कर्जात आहे. संध्याकाळी पिग्मी एजंट (रोजची छोटी बचत गोळा करणारा प्रतिनिधी) भाजीच्या गाड्यापाशी थांबतो, हातातल्या यंत्रातून १०० रुपयांची पावती काढून देतो, आणि आयकर विवरणपत्र नसलेल्या त्या विक्रेत्याची पत याच रोजच्या भरण्यातून उभी राहते. अशा माणसाने पतसंस्थेशी व्यवहार जरूर ठेवावा.

निवृत्ताने मात्र पुंजी बँकेतच ठेवावी, एका बँकेत व्याजासह ५ लाखांच्या आत ठेवावी, आणि वार्षिक अहवालातले नक्त एनपीए (तरतूद वजा जाता उरलेली थकीत कर्जे) व भांडवल पर्याप्ततेचे (जोखमीच्या कर्जांच्या तुलनेत बँकेचे स्वतःचे भांडवल किती, याचे) आकडे स्वतः वाचावेत. पतसंस्थेत काही रक्कम ठेवायचीच असेल, तर आधी तिचा लेखापरीक्षण वर्ग (लेखापरीक्षकाने दिलेली श्रेणी) आणि संचालकांच्या नातेवाइकांना दिलेल्या कर्जांची थकबाकी विचारून घ्यावी.