आधी गाडी आली, मग चार्जर

विजेवर चालणारी गाडी बुक करणाऱ्याला दोन गोष्टींची वाट पाहावी लागते आणि शोरूममध्ये त्यांतल्या एकीबद्दलच बोलले जाते. रंग, विमा, ॲक्सेसरीज, डिलिव्हरीचा महिना यांवर तासभर चर्चा होते. घरी बसवायच्या चार्जरचा विषय मात्र निघता निघता, "तो गाडीसोबत येतोच, आमची माणसे येऊन बसवून देतात" एवढ्या एका वाक्यात उरकला जातो. पुढचे परीक्षण मुख्यतः त्या वाक्याचे आहे, कारण गाडीविषयी माझी फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती गाडी विकणारे, चार्जर बसवणारे आणि वीजपुरवठा करणारे हे तिघे एकमेकांशी बोलतच नाहीत आणि त्यांच्यातला निरोप्या ग्राहकाला व्हावे लागते याची.

बुकिंगच्या वेळी आम्हांला आठ आठवडे सांगितले होते, प्रत्यक्षात एकोणीस लागले. उशीर होतो हे मी समजू शकते. बॅटरी, सुटे भाग, जहाज किंवा ट्रेलर यांपैकी काहीही कुठेही अडकू शकते. पण दर आठवड्याला फोन केला की "पुढच्या लॉटमध्ये नक्की" हे एकच उत्तर मिळत होते, आणि तो लॉट म्हणजे नेमके काय हे कोणी सांगत नव्हते. सहाव्या की सातव्या फोननंतर मी प्रश्न बदलला. गाडी कधी येणार हे विचारायचे सोडून "आमच्या नावावर चॅसिस क्रमांक पडला आहे का?" असे विचारू लागले, आणि संभाषणाचा सूरच बदलला. सतरा अक्षरांचा हा क्रमांक तुमच्या नावावर चढला, की तुमची म्हणून एक विशिष्ट गाडी ठरते, ती कारखान्यात आहे, वाटेत आहे की गोदामात आहे हे तपासता येते आणि तारखेला काही अर्थ येतो. त्याआधी सांगितलेली प्रत्येक तारीख हा विक्री प्रतिनिधीचा अंदाज असतो, आणि तो अंदाजही बहुधा समोरच्याचे मन राखण्यासाठी केलेला असतो. आमचा क्रमांक पंधराव्या आठवड्यात पडला. त्यानंतर मात्र शोरूमने दिलेली प्रत्येक तारीख दोन दिवसांच्या फरकाने पाळली, हे नोंदवले पाहिजे.

डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी गाडी दिवसाच्या उजेडात पाहू द्यावी ही आमची विनंती त्यांनी कुरकुर न करता मान्य केली. टायरच्या कडेवर एका लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. ते चारही टायरवर पाहिले, तेव्हा गाडी फार काळ पडून राहिली नसावी अशी खात्री पटली. मात्र आतली १२ व्होल्टची छोटी बॅटरी १२.१ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे निम्म्याहून जास्त उतरलेली होती. मोठी बॅटरी कितीही भरलेली असली तरी दरवाजाचे कुलूप, स्क्रीन, संगणक हे सगळे या छोट्या बॅटरीवर जागे होतात, आणि गोदामात महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीत आधी तीच दगा देते. सेवा विभागातल्या पर्यवेक्षकांना हे दाखवल्यावर त्यांनी वाद न घालता ती रात्रभर चार्जिंगला लावली आणि सकाळी पुन्हा मोजून दाखवली. शोरूमला मी जे गुण देते आहे त्यांतले बरेचसे या एका कृतीचे आहेत.

आता चार्जरकडे येते. चार्जरचे खोके चौथ्याच आठवड्यात घरी येऊन पडले होते. ते उघडू नका, अन्यथा वॉरंटी जाईल, असे त्यावर चिकटवलेले होते. बसवायला कधी येणार म्हणून विचारले, तर बसवणाऱ्या कंपनीच्या प्रणालीत चॅसिस क्रमांक भरल्याशिवाय भेटीची नोंदच होत नाही असे कळले. म्हणजे गाडी ठरेपर्यंत कोणी जागा पाहायलाही येणार नाही. जागा पाहिल्याशिवाय किती विद्युतभार लागेल हे लेखी मिळणार नाही. आणि ते लेखी कागद असल्याशिवाय वीज कंपनी मंजूर भार, म्हणजे घराला एका वेळी वापरता येणाऱ्या विजेची मर्यादा, वाढवण्याचा अर्ज घेणार नाही. एकाची किल्ली दुसऱ्याच्या कपाटात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असा हा प्रकार. पंधराव्या आठवड्यात क्रमांक मिळाल्यावर ही साखळी हलू लागली, आणि साहजिकच गाडी दारात आली तेव्हा चार्जर अजून खोक्यातच होता. जागेची पाहणी आणि भारवाढीचा अर्ज यांचा चॅसिस क्रमांकाशी तांत्रिक संबंध काहीही नाही. भिंत तीच, मीटर तोच आणि चार्जरही तोच राहणार असतो. ही दोन कामे बुकिंगच्या दुसऱ्या दिवशी सुरू करता आली असती, तर आमची निम्मी धावपळ वाचली असती.

इथे थोडे विषयांतर करते, कारण भिंतीवरच्या त्या पेटीला चार्जर म्हणण्यातूनच बरेच गैरसमज होतात. खरा चार्जर गाडीत असतो. घरातली वीज प्रत्यावर्ती (एसी), बॅटरीला हवी ती एकदिश (डीसी), आणि हे रूपांतर गाडीतले यंत्र करते. भिंतीवरची पेटी म्हणजे एक शहाणे बटण आहे. ती गाडीशी एका वेगळ्या तारेवरून बोलते, सेकंदाला हजार वेळा चालू-बंद होणारा एक संकेत पाठवते, आणि त्या संकेतात 'चालू' भाग किती टक्के आहे यावरून गाडीला किती करंट घ्यायची परवानगी आहे ते कळते. सुमारे ५३ टक्के म्हणजे ३२ अँपिअर, सुमारे २७ टक्के म्हणजे १६. गाडीने होकार दिल्यावरच आतला काँटॅक्टर, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा स्विच, 'खट्' करून जोडला जातो. तोपर्यंत प्लगच्या मुख्य पिनांत वीजच नसते. हे लक्षात आले, की आम्हांला आग्रहाने सुचवलेली २२ किलोवॅटची पेटी का नको होती ते समजेल. आमच्या गाडीतले यंत्र एका फेजवर ७.४ किलोवॅट, म्हणजे २३० व्होल्टला ३२ अँपिअर, यापेक्षा जास्त घेतच नाही. भिंतीवर कितीही मोठी पेटी लावली, तरी गाडी आपल्याच घोटाने पाणी पिणार.

पहिले तंत्रज्ञ पाहणीला आले तेव्हा वीस मिनिटांत सगळे ठरवून मोकळे झाले. मीटरच्या फळ्यापासून गाडीच्या जागेपर्यंत २२ मीटर अंतर आहे, आणि त्यासाठी त्यांनी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लिहून दिली. "एसीला हीच टाकतो, काही होत नाही" असे वर ऐकवले. एसीचा कॉम्प्रेसर एवढा करंट घेत नाही आणि सतत पूर्ण भाराने चालतही नाही. गाडी मात्र पूर्ण ३२ अँपिअर चार-पाच तास अखंड ओढते. हिशेब घरी केला, तर त्या जाडीच्या वायरीत जाऊन-येऊन ४४ मीटरवर साडेसहा व्होल्ट पडतात आणि सुमारे २०० वॉट उष्णता भिंतीतल्या पाइपात निघते, म्हणजे शंभर वॉटचे दोन जुने दिवे पाइपात कोंडून रात्रभर पेटवल्यासारखेच. १० चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर हाच आकडा ८० वॉटच्या आसपास येतो. मी लेखी हरकत घेतली. कंपनीने उत्तर देण्याऐवजी भेटच रद्द केली आणि नवी तारीख बारा दिवसांनंतरची दिली. या सेवेचे सर्वांत जास्त गुण मी इथे कापले आहेत.

त्या बारा दिवसांत गाडीसोबत मिळालेल्या सुट्या केबलवर भागवले. पहिल्या रात्री केबलवरच्या डबीचा दिवा लाल झाला तो झालाच. गाडी नवी, केबल नवी, आणि दोष निघाला आमच्या घराचा: आर्थिंगची तार खड्ड्यापाशी गंजून जवळजवळ सुटली होती. फ्रिज, मिक्सर, पंखे यांनी इतकी वर्षे याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. गाडीची केबल मात्र आर्थिंग तपासल्याशिवाय वीज सोडत नाही. नेहमीच्या इलेक्ट्रिशियनकाकांनी दुसऱ्या दिवशी सांधा घासून नवा केला आणि दिवा हिरवा झाला. चौथ्या दिवशी सॉकेटच्या तोंडाशी प्लास्टिक किंचित पिवळट दिसले, हात लावला तर कोमट नव्हे, चांगलेच गरम होते. पंधरा मिनिटे चालणाऱ्या हीटरला जे सॉकेट पुरते ते नऊ तास सलग चालणाऱ्या भाराला पुरेलच असे नाही. चांगल्या प्रतीचे सॉकेट घालून घेतले आणि केबलचा करंट १० अँपिअरवर ठेवला.

या दिवसांनी एक अनपेक्षित गोष्ट शिकवली. १० अँपिअरवर नऊ तासांत भिंतीतून साधारण २१ युनिट जातात. गाडीतली यंत्रणा तेवढा वेळ जागी राहते, त्यात आणि रूपांतरात थोडी वीज खर्ची पडते, तरी १७-१८ युनिट बॅटरीत पोहोचतात. आमच्या गाडीला १०० किलोमीटरला १५ युनिटच्या आसपास लागतात, म्हणजे एका रात्रीत साधारण ११५ किलोमीटर अंतराची सोय होते. आमचा रोजचा प्रवास आहे ४६ किलोमीटर. चार्जर नाही म्हणून गाडी उभी राहील या धास्तीने मी शोरूमला जे फोन केले, त्यांतले निदान अर्धे अनावश्यक होते, हे मला कबूल केले पाहिजे. रोजचे अंतर एवढेच असेल आणि घरातले आर्थिंग, वायरिंग, सॉकेट नीट असेल, तर पेटीची वाट शांतपणे पाहता येते.

दुसऱ्या खेपेला आलेल्या तंत्रज्ञांविषयी मात्र सविस्तर लिहावेसे वाटते. वयाने लहान होते, पण काम बघण्यासारखे होते. त्यांनी आधी आर्थिंगचा रोध मोजला, मग घरातला सर्वाधिक भार किती असतो ते विचारून मुख्य वायरीभोवती करंट मोजणारे एक छोटे कडे बसवले, ज्यामुळे घरात एसी आणि हीटर एकदम सुरू झाले की पेटी गाडीचा करंट आपोआप कमी करते. वायर १० चौरस मिलिमीटरचीच टाकली. गळतीचा स्विच, म्हणजे वीज जमिनीकडे गळू लागली की पुरवठा तोडणारा, ३० मिलिअँपिअरचा लावला आणि साधा गळतीचा स्विच एकदिश गळतीने आंधळा होऊ शकतो, म्हणून ६ मिलिअँपिअर एकदिश गळती ओळखणारी सोय याच पेटीत आहे, हे पेटीच्या माहितीपत्रकात बोट ठेवून दाखवले. टर्मिनलचे स्क्रू त्यांनी ठरावीक जोराला 'टक्' वाजणाऱ्या पेचकसाने आवळले, अर्धा तास गाडी पूर्ण भाराने चार्ज केली आणि पुन्हा एकदा आवळून पाहिले. एक स्क्रू खरोखरच पाव आटा आत गेला. चालू भारावर मीटरच्या फळ्याशी २३१ व्होल्ट आणि पेटीशी २२८ व्होल्ट मोजून ते आकडे अहवालात लिहिले. सैल स्क्रू आणि बारीक वायर हेच घरच्या चार्जिंगचे खरे शत्रू आहेत, एवढे एकच वाक्य ते निघताना बोलले.

आता चार महिने झाले. ५० युनिटची बॅटरी २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर जायला साडेचार तास लागतात, आणि रात्रीच्या वेळेवर लावून ठेवले की सकाळी त्याचा विचारही करावा लागत नाही. आमची बॅटरी लोह-फॉस्फेट प्रकारची असल्याने कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे आठवड्यातून एकदा ती १०० टक्के भरतो, म्हणजे उरलेल्या चार्जचा गाडीचा अंदाज चुकत नाही. गाडीला मी पाचपैकी साडेचार गुण देते, शोरूमला साडेतीन, आणि चार्जर बसवण्याच्या सेवेला अडीच. दुसरे तंत्रज्ञ आले नसते तर एकच दिला असता.

एक प्रकरण अजून मिटलेले नाही. चार्जरची वॉरंटी खोके गोदामातून निघाले त्या दिवसापासून मोजली गेली होती, म्हणजे तो भिंतीवर चढण्याआधीच तिचे चार महिने खर्ची पडले होते. तंत्रज्ञांचा अहवाल जोडून मी तीन पत्रे लिहिली, तेव्हा सुधारित प्रमाणपत्र आले. त्यात तारीख बरोबर आहे, चॅसिस क्रमांकाचा शेवटचा आकडा मात्र चुकला आहे. चौथे पत्र परवा पाठवले.