मुंबईत आरटीआय टाकायचाय? आमच्या वॉर्ड ऑफिससमोरचा झेरॉक्सवाला

तोच फुटपाथ परत उखडून पेव्हर ब्लॉक बसवले, म्हणून म्हटलं वर्क ऑर्डर, मेजरमेंट बुक (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) आणि बिलाची कॉपी मागूया. दुकानातल्या काकांनी जोडपत्र 'अ' (माहिती अधिकार म्हणजे आरटीआय अर्जाचा ठरलेला फॉर्म) काढून दिलं, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप चिकटवला आणि माझं दोन पानी रडगाणं बघून म्हणाले, "मॅडम, 150 शब्दांत बसवा, विषय एकच ठेवा, आणि 'का' विचारू नका, कागद मागा." वकिलानेपण एवढं नीट सांगितलं नसतं! 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याला 20 चा स्टँप, तोही यांच्याकडेच मिळतो. टायपिंगचे पैसे मात्र जरा जास्तच घेतात (एक स्टार तिथेच कापला) आणि लंच टाइमला जाऊ नका, फुल गर्दी.