नासा वर्ल्डव्ह्यू: धूर कुठे चाललाय ते दिसतं, नाकात किती गेला ते नाही

वणव्याचा धूर उपग्रहचित्रांवर पाहायचा असेल तर सुरुवात नासाच्या वर्ल्डव्ह्यू या संकेतस्थळापासूनच करावी. पैसे नाहीत, लॉगिन नाही, ब्राउझर पुरतो. उपग्रह डोक्यावरून गेल्यावर काही तासांत चित्र हजर होतं.

पारख करायला ७ जून २०२३ ही तारीख लावून बघा. कॅनडातल्या क्वेबेकमधल्या वणव्यांचा धूर त्या दिवशी न्यूयॉर्कवर उतरला आणि आकाश नारिंगी झालं. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना आठवत असेल. खऱ्या रंगांच्या चित्रात धूर मातकट, कडा विरलेला दिसतो आणि ढग पांढरे. पण पातळ ढगात धूर मिसळला की भलेभले फसतात.

त्यावर उपाय सोपा आहे. थर जोडायच्या बटणावरून मोडिस या उपग्रहावरच्या कॅमेऱ्याचा ७-२-१ हा थर (७, २ आणि १ या पट्ट्यांतल्या प्रकाशाचं मिश्रण) घ्या आणि तुलनेच्या सोयीत दोन्ही चित्रं शेजारी ठेवून मधली रेघ सरकवा. ढग दोन्हीकडे राहतात, धूर मात्र ७-२-१ मध्ये जवळजवळ नाहीसा होतो. धुराचे कण बहुतांशी एक मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असतात. सुमारे २.१ मायक्रॉनची अवरक्त लहर त्यांना फारशी अडत नाही, ढगातल्या थेंबांना अडते. आगीच्या तोंडाशी धूर फारच दाट असेल तर तो तिथेही थोडा उरतो. शिवाय याच थरात जळून गेलेलं रान विटकरी रंगात उठून दिसतं.

आगीच्या लाल ठिपक्यांसाठी विर्स या दुसऱ्या कॅमेऱ्याचा थर निवडा. त्याच्या चित्रातला एकेक चौकोन ३७५ मीटरचा, मोडिसचा १ किलोमीटरचा. ठिपका म्हणजे त्या चौकोनाचा मध्य, आगीची हद्द नव्हे. आणि दाट ढगाखालची आग दिसतच नाही, त्यामुळे ठिपका नाही म्हणून आग विझली असं धरू नये.

एरोसोलच्या, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांच्या, थरांत खरी गंमत आणि खरा घोटाळा आहे. ‘एरोसोल ऑप्टिकल डेप्थ’ जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या कणांची बेरीज दाखवते. ढग असला की तिथे रिकामी जागा (आपल्याकडे पावसाळ्यात हा थर उघडायचे कष्टच नकोत). कधीकधी अतिदाट धुरालाच ढग समजून गाळलं जातं, म्हणजे जिथे धूर सर्वाधिक तिथेच भोक! अशा वेळी ओम्प्स या उपकरणाचा ‘एरोसोल इंडेक्स’ लावा. तो अतिनील किरणांवर चालतो, ढगावरचा धूरही पकडतो. मात्र त्याचे चौकोन सुमारे ५० किलोमीटरचे आहेत, आणि जमिनीलगतचा धूर त्याला नीट दिसत नाही. धूर जितका उंच तितका आकडा मोठा, म्हणून आकडा वाढला की धूर वाढलाच असं नाही. वाळवंटी धूळही त्यात तशीच चमकते. शंका आली तर एअर्स या उपकरणाचा कार्बन मोनॉक्साइडचा थर ताडून पाहा: धूळ तो वायू सोडत नाही, आग सोडते.

उणिवा आहेतच. टेरा, अ‍ॅक्वा (मोडिस यांच्यावरच आहे) आणि विर्सवाले उपग्रह दिवसाउजेडी एकेक फेरी मारतात, त्यामुळे दुपारनंतर वारा फिरला तर पत्ता लागत नाही. अमेरिकेवर दर १० मिनिटांनी चित्र देणारे गोज उपग्रह इथे आहेत, पण अलीकडच्या काही महिन्यांपुरतेच. २०२३ साठी ते मिळणार नाहीत. वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात: जूनमधल्या न्यूयॉर्कसाठी ४ तास वजा, भारतासाठी साडेपाच तास अधिक. कॅमेऱ्याच्या बटणावरून जिओटिफ (नकाशावर बसणारी चित्रफाइल) उतरवता येतं, पण ते रंगवलेलं चित्र आहे. आकडेमोडीसाठी मूळ डेटा वेगळा घ्यावा लागतो.

लहान मुलांना बाहेर सोडावं का, हे मात्र या चित्रांवरून ठरवू नका. धूर ५ किलोमीटर उंचावरून निघून गेला तरी चित्र तितकंच भयंकर दिसतं. त्यासाठी जवळच्या केंद्राचा पीएम २.५ चा (हवेतल्या २.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा) आकडाच बघावा. अमेरिकेत एचआरआरआर-स्मोक या संगणकी हवामान-प्रारूपाचा जमिनीलगतच्या धुराचा अंदाजही मिळतो.